केबल काढून इंटरनेटवर टीव्ही: काय घ्यायचं, कुठे अडतं आणि केबल कधी बंद करायची

प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर. खाली आजी-आजोबा, वर मुलगा, सून आणि दोन शाळकरी मुलं. दोन टीव्ही, दोन सेट-टॉप बॉक्स आणि इंटरनेटचं बिल वेगळं. केबल पूर्ण बंद करून सगळं इंटरनेटवर पाहता येईल का, त्यासाठी काय काय लागेल आणि कुठे फसायला होतं?

पाहता येतं. पण क्रम चुकला की सगळं फसतं. बरेच जण आधी केबल बंद करतात, मग इंटरनेटवाल्याला फोन लावतात, मग मोठा टीव्ही आणतात. आणि पंधरा दिवसांत आजींची मालिका बुडायला लागली की केबलवाला परत दारात. हे उलटं करा. आधी लाइन, मग घरातलं वायफाय, मग टीव्हीला काय जोडायचं ते. त्यानंतर एक महिना केबल आणि इंटरनेट दोन्ही चालू ठेवा, आणि केबल सगळ्यात शेवटी बंद करा. त्या महिन्याचं दुहेरी बिल अजिबात वाया जात नाही, कारण घरात कोण काय पाहतं हे त्याच महिन्यात नीट कळतं.

आधी पैशाचं पाहू. केबलच्या बिलात दोन भाग असतात. एक नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे जोडणीचं मूळ भाडं. दूरसंचार नियामक ट्रायची नवी दररचना २०१९ मध्ये लागू झाली तेव्हा ती १०० वाहिन्यांना १३० रुपये होती, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढे तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायचं ठरलं, आणि २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून घेतली. दुसरा भाग पैसे मोजून घ्यायच्या वाहिन्यांचा, सुट्या किंवा पॅकमध्ये. दोन टीव्ही म्हणजे दोन बॉक्स, आणि दुसऱ्या बॉक्सचे पैसे वेगळे. तुमच्या गेल्या तीन महिन्यांच्या पावत्या काढा आणि दोन्ही बॉक्सची बेरीज करा. पुढची सगळी तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.

इंटरनेटच्या बाजूला ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपये म्हणून जाहिरातीत दिसतो, पण जीएसटी धरून तो ४७१ च्या घरात जातो. ६९९ चा प्लॅन ८२५ ला पडतो. त्यावर ॲपचे पैसे. म्हणून स्पष्ट सांगतो: घरात इंटरनेट नाही, ते लागतही नाही आणि पाहणारी दोनच वयस्क माणसं तीन-चार मराठी वाहिन्यांपलीकडे जात नाहीत, अशा घरात केबल काढू नका, खर्च वाढेल. मुलांच्या अभ्यासाला आणि घरून कामाला इंटरनेट घ्यावंच लागत असेल, तर मात्र केबलच्या रकमेतून फक्त ॲपचे पैसे वजा करायचे. उरेल ती तुमची बचत. तुमचं घर या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

आता यादी. कागद घ्या आणि आठवडाभर घरातला प्रत्येक जण काय पाहतो ते लिहून काढा. वाहिनीचं नाव पुरत नाही, कार्यक्रमाचं नाव हवं. मालिका त्या त्या वाहिनीच्या ॲपवर असतात: झी मराठीच्या झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर (फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक झाले, म्हणून या दोन्ही वाहिन्या आता एकाच ठिकाणी मिळतात), सोनी मराठीच्या सोनी-लिव्हवर, सन मराठीच्या सन-नेक्स्टवर. मराठी बातम्यांच्या बहुतेक मोठ्या वाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास थेट आणि फुकट दिसतात, त्यामुळे बातम्यांसाठी वेगळा खर्च नाही. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं.

कोल्हापुरात खरी अडचण असते ती स्थानिक केबल वाहिन्यांची. शहरातल्या बातम्या, नवरात्रातलं अंबाबाईचं दर्शन, दसरा चौकातला शाही दसरा, शाहू स्टेडियमवरचे पेठांचे फुटबॉल सामने हे सगळं आजोबा केबलवर एक नंबर दाबून पाहतात. यातलं बरंचसं यूट्यूबवरही थेट असतं, पण ते शोधून, सबस्क्राइब करून टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर आणून ठेवावं लागतं. तुमच्या यादीतली स्थानिक वाहिनी यूट्यूबवर रोज येते का, की फक्त बातम्यांचे तुकडे टाकते, हे त्या दोन्ही चालू असलेल्या महिन्यात तपासा. ज्या घरांत पुन्हा केबल घेतली जाते, तिथे कारण बहुधा हेच असतं.

फुटबॉलचं आणखी एक. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण केबलपेक्षा मागे असतं, साधारण २० ते ४० सेकंद. चित्राचे छोटे छोटे तुकडे करून ते पाठवले जातात आणि ॲप काही तुकडे आधीच साठवून मग दाखवायला लागतं, म्हणून हा उशीर होतो. वर्ल्डकपच्या रात्री शेजारच्या तालमीत आधी "गोल" ऐकू येईल आणि तुमच्याकडे चेंडू अजून मध्यावरच असेल. याला घरात करण्यासारखा पुरा उपाय नाही. मात्र मध्ये पॉज केलं किंवा बफरिंग झालं की हा उशीर साठत जातो. तेव्हा पडद्यावरचं "लाइव्ह" बटण दाबून पुढे या.

क्रिकेटचे हक्क दर काही वर्षांनी हात बदलतात, त्यामुळे एका स्पर्धेसाठी घेतलेलं ॲप पुढच्या स्पर्धेला उपयोगी पडेलच असं नाही. स्पर्धा सुरू होताना महिन्याचं किंवा तिमाही घ्या. निव्वळ क्रिकेटसाठी वर्षाचं घेणं मला पटत नाही.

लाइनकडे येऊ. घरापर्यंत फायबर मिळत असेल तर दुसरा विचारच करू नका. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेतला तर हे आणखी महत्त्वाचं ठरतं. छत्रीवरची डीटीएच केयू बँडवर चालते आणि जोराची सर आली की पाण्याचे थेंब तो सिग्नल शोषून घेतात. आषाढ-श्रावणात "नो सिग्नल" येतं ते त्यामुळे. फायबरमध्ये प्रकाश काचेतून जातो, त्याला पावसाचं काही नाही. अंगणाबाहेरचं जोडणीचं खोकं मात्र झाकणाने घट्ट बंद हवं.

फायबर पोचत नसेल, पन्हाळ्याकडे किंवा गगनबावड्याच्या वाटेवरच्या वाडीत, तर छतावर रिसीव्हर लावून मिळणारं फाइव्ह-जी चालतं. त्यात महिन्याची मर्यादा बहुधा १००० जीबीची असते आणि टॉवरवर गर्दी वाढली की संध्याकाळी वेग पडतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार सोडून द्या. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, दिवसाचा २ जीबीचा डेटा पाऊण तासातच संपेल.

किती वेग हवा? विक्रेता नेहमी जास्त सांगतो. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. खाली मालिका, वर सिनेमा, एका मुलाचा ऑनलाइन क्लास आणि चार मोबाइल धरले तरी ४० एमबीपीएसमध्ये तुमचं घर बसतं. फोर-के टीव्ही दोन असतील तर १०० घ्या. त्याच्या वरचे पैसे टीव्हीसाठी वाया आहेत. डेटाचं गणित असं: रोज दोन टीव्हींचे मिळून ८ तास एचडी धरा, तर ८ गुणिले ३ गुणिले ३० म्हणजे ७२० जीबी. फायबरच्या बहुतेक "अनलिमिटेड" प्लॅनमध्ये ३३०० जीबीनंतर वेग कमी करतात, तिथवर तुम्ही जाणार नाही. स्थानिक पुरवठादाराची मर्यादा मात्र वेगळी असू शकते, ती विचारून घ्या.

पुरवठादार निवडताना गल्लीत चौकशी करा. तुमच्या गल्लीत ज्याची लाइन आहे अशा तीन घरांना एकच गोष्ट विचारा: रात्री नऊ वाजता लाइन कशी असते, आणि तुटली तर माणूस किती तासांत येतो? पेठांमध्ये पुष्कळदा केबलवालाच इंटरनेटही देतो. त्याची सेवा चांगली असेल तर इंटरनेट त्याच्याकडूनच घ्या आणि फक्त टीव्हीचा बॉक्स परत करा. लाइन तुटली की तोच दहा मिनिटांत शिडी घेऊन येतो, हा फायदा मोठा आहे. पहिल्यांदा वर्षाचे पैसे एकदम भरू नका. एक महिना, फार तर तीन.

प्लॅनबरोबर ॲप मिळत असतील तर दोन गोष्टी पक्क्या करा. ते टीव्हीवर चालणारं आहे की फक्त मोबाइलवर? नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हा १४९ चा प्लॅन फक्त मोबाइल-टॅबलेटसाठी ठेवला. तो टीव्हीवर चालतच नाही, टीव्हीसाठीचे प्लॅन १९९ पासून सुरू झाले. दुसरं, हे ॲप आपोआप सुरू होत नाही. नोंदणीच्या मोबाइलवर लिंक येते, ती उघडून सुरू करावं लागतं. कनेक्शन आजोबांच्या नंबरवर असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर येणार आणि ते रंकाळ्यावर फिरायला गेलेले असणार. नोंदणी घरातल्या ज्या माणसाचा फोन सतत हाताशी असतो त्याच्या नंबरवर करा.

आता घरातलं वायफाय. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण "इंटरनेट खराब आहे" या तक्रारी निघतात तेव्हा लाइन बहुधा ठणठणीत असते आणि दोष राउटर ते टीव्ही या शेवटच्या काही मीटरमध्ये असतो.

जोडणीचा माणूस राउटर दाराजवळच्या पहिल्या खटक्यापाशी लावून जातो, कारण तिथे त्याची वायर कमी लागते. त्याला तसं करू देऊ नका. फायबर आत घेऊन राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीच्या वर लावायला सांगा. दुमजली घरात जिन्याची जागा सगळ्यात चांगली, कारण तिथे मध्ये स्लॅब येत नाही. फायबर नेताना त्याचं वळण किमान ३ सेंटिमीटर त्रिज्येचं ठेवा, दाराच्या फटीत चेपू नका, खिळा ठोकून घट्ट आवळू नका. आतली काच तुटली तरी वरून काही दिसत नाही. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा देवघराच्या पितळी प्रभावळीमागे राउटर ठेवू नका. धातू सिग्नल अडवतो.

जुन्या पेठांमधली दगडी किंवा दीड-दोन फुटी विटांची भिंत वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ खाऊन टाकते. लाकडी माडी असेल तर वरच्या मजल्यावर तो बऱ्यापैकी पोचतो, सिमेंटच्या स्लॅबमधून मात्र फार थोडा. दुसऱ्या पट्ट्याचा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा, सिग्नल भिंतीतून जातो, पण पेठेत प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात असतो आणि गर्दी होते. म्हणून राउटर ड्युअल बँडच, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, घ्या आणि दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या. म्हणजे टीव्ही कुठल्या पट्ट्यावर आहे ते तुम्हाला दिसतं, तो आपला आपण उड्या मारत बसत नाही. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जिथे गर्दी कमी असेल ते निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पाच गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ यांतलं चॅनेल ठेवा. काही स्वस्त टीव्ही आणि स्टिक (टीव्हीला जोडून ॲप चालवणारं छोटं यंत्र) याच्या वरच्या, मधल्या चॅनेलांवरचं नेटवर्क ओळखतच नाहीत, आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझर टाका आणि टीव्हीच्या जागी उभं राहून सिग्नल पाहा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ डीबीएमपर्यंत निश्चिंत राहा, उणे ७५ च्या पुढे रात्री बफरिंगचं चाक फिरणारच.

खालच्या सोप्यातला टीव्ही आणि वरच्या खोलीतला टीव्ही यांना एक राउटर पुरत नसेल, तर सिग्नल वाढवणारा स्वस्त रिपीटर घेऊ नका. तो तोच सिग्नल ऐकून तोच पुन्हा फेकतो, त्यामुळे वेग बहुधा निम्मा होतो. त्याऐवजी वायर टाका. कॅट-सिक्स केबल, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, ती मोडते आणि जोड सैल होतो. बिलावर "प्युअर कॉपर" लिहून घ्या. बाहेरून न्यायची तर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी घ्या. जुन्या केबल टीव्हीची जाड वायर भिंतीतल्या पाइपातून गेलेली असेल तर ती कामाला येते: तिच्या एका टोकाला कॅट-सिक्स घट्ट चिकटपट्टीने बांधा आणि दुसऱ्या टोकाने ओढा, नवी आत येते. अर्थात केबल बंद केल्यावरच.

वर दुसरा राउटर लावायचा तर तो ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पहिल्याचंच इंटरनेट वर पसरवायला, लावा. आधी मोबाइलने त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता पहिल्या राउटरहून वेगळा करा. पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, वायफायचं नाव-पासवर्ड द्या, आणि खालून आलेली वायर त्याच्या लॅन भोकात घाला, वॅन भोकात नाही. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात. मग कधी टीव्ही चालतो कधी नाही, आणि कारण काही केल्या सापडत नाही. जुना राउटर घरात पडून असेल तर या कामाला तो पुरतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे टीव्हीलाच वायर जोडा. टीव्हीचं लॅन भोक पुष्कळदा १०० एमबीपीएसचंच असतं, त्याची चिंता नको. फोर-केला १५ लागतात.

टीव्ही बदलायची घाई करू नका. तुमच्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर स्टिक पुरेशी आहे. चार-पाच वर्षांपूर्वीच्या स्मार्ट टीव्हीतही ॲप अडायला लागतात, कारण त्यांची जुनी प्रणाली ॲपवाले सांभाळत नाहीत. तिथेही नवी स्टिक लावली की काम भागतं. स्टिक घेताना गुगल टीव्ही, अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर टीव्ही यांतली अधिकृत घ्या. रस्त्यावर "सगळ्या वाहिन्या फुकट" म्हणून मिळणारा अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. एक तर त्यात चोरीचं प्रक्षेपण असतं. दुसरं, त्याला वाइडवाइन या चोरी रोखणाऱ्या प्रणालीचं एल-वन प्रमाणपत्र नसतं, म्हणून पैसे भरूनही नेटफ्लिक्स किंवा प्राइम अस्पष्ट, ४८० रेषांचंच दिसतं. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर: अशा बॉक्समध्ये कारखान्यातूनच घुसवलेला दुष्ट प्रोग्राम सापडला आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स नावाच्या अशा जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तो बॉक्स तुमच्याच वायफायवर असणार, ज्यावर घरातल्या सगळ्यांचं बँकेचं काम चालतं.

स्टिकची वीज टीव्हीच्या यूएसबी भोकातून घेऊ नका. तिथे पुष्कळदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिक मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होते. बरोबर आलेला अडॅप्टर भिंतीच्या पॉइंटला लावा. स्टिक टीव्हीच्या पत्र्यामागे दडते आणि वायफाय अडतं, तेव्हा बरोबर आलेला छोटा एचडीएमआय जोड वापरून ती बाहेर काढा. साठवणीची जागा ८ जीबी असलेल्या स्टिक लवकर भरतात. महिन्यातून एकदा न वापरलेली ॲप काढा आणि कॅश (ॲपने साठवलेला तात्पुरता डेटा) रिकामी करा.

आवाजाची तक्रार हमखास येते: पात्रांचं बोलणं पुटपुटल्यासारखं आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं. प्रक्षेपण पाच-स्पीकरच्या आवाजाचं असतं आणि टीव्हीला दोनच स्पीकर. स्टिकच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये सराउंड बंद करून स्टीरिओ किंवा पीसीएम निवडा. आजोबांना मालिकेतलं बोलणं स्वच्छ ऐकू येईल.

आजी-आजोबांच्या टीव्हीवर थोडा वेळ घालवा. केबलला १०-१२ बटणं माहीत असली की पुरतं, इथे प्रत्येक ॲपची मांडणी वेगळी. त्यांच्या टीव्हीवर चार-पाचच ॲप ठेवा, बाकीची काढून टाका. वापरातली पहिल्या ओळीत आणा. त्यांचं वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर मुलांची कार्टून त्यांच्या पडद्यावर येत राहतात. मालिका "वॉचलिस्ट"मध्ये टाका, मग उघडताच पुढचा भाग समोर येतो. ऑटोप्ले चालू असलं की रात्रभर एकामागून एक भाग चालत राहतात, ते बंद करा. खरेदीला पिन लावा. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मराठीत बोललं तरी बरंच सापडतं, हे त्यांना दोन-तीनदा स्वतः करायला लावा. एकदा जमलं की तेच सगळ्यात सोपं वाटतं. भाग ठरलेल्या वेळीच पाहायला नको, पाहुणे गेल्यावर पाहता येतो, हे कळलं की निम्मी नाराजी जाते.

वीज आणि पाणी या दोन गोष्टी कोल्हापूरकराने विसरून चालत नाहीत. वीज गेली की फायबरमध्ये प्रकाश असतो, पण तुमच्या घरातलं खोकं बंद पडतं. राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते पाहा. बहुधा १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. त्याच मापाचा मिनी यूपीएस घ्या. ८८०० एमएएचचा यूपीएस म्हणजे साधारण ३२ वॅट-तास, आणि राउटर ९-१० वॅट खातो, तेव्हा थोडी वीज वाया जाते हे धरून पावणेतीन-तीन तास निघतात. काही घरांत फायबरचं खोकं वेगळं आणि राउटर वेगळा असतो, तिथे दोन्हींना वीज द्यावी लागते. नुसत्या राउटरला दिली तर वायफाय दिसतं पण इंटरनेट नसतं.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी गाठते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात जे झालं ते सगळ्यांना आठवतंय. पुरात वीज आधी बंद करतात, मग खांबावरची यंत्रं बंद पडतात. अशा वेळी बातमी कळायला दुसरी वाट हवी. शिवाय गणपतीच्या मिरवणुकीआधी मार्गावरच्या लोंबत्या वायरी उचलायला किंवा काढायला लावतात, आणि त्यात फायबरही तुटतं.

म्हणून माझा आग्रह असतो की केबल काढा, पण छतावर दूरदर्शनची मोफत छत्री, डीडी फ्री डिश, लावून ठेवा. २००४ च्या डिसेंबरपासून ही सेवा चालू आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याला काही नाही. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व. कोल्हापुरातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे, उत्तरेपासून मोजल्यास साधारण १२९ अंशांवर, आणि उपग्रह क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. त्या दिशेला शेजाऱ्याची माडी किंवा नारळ येत नाही ना, हे पाहून जागा ठरवा. छोट्या इन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स एवढंच चालवलं तरी सह्याद्री आणि बातम्या मिळतात. शिवाय राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरलेले क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यानुसार दूरदर्शनला द्यावे लागतात. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतात. म्हणजे भारताचे असे सामने एकही ॲप न घेता दिसतात.

चाक फिरायला लागलं की पुरवठादाराला फोन करण्याआधी हा क्रम लावा. राउटरच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर फास्ट डॉट कॉम उघडा. तिथे प्लॅनएवढा वेग आला तर लाइन ठीक आहे, दोष वायफायचा किंवा टीव्हीचा. मग तेच टीव्हीच्या जागी पाहा. तिथे वेग पडला तर वायफाय. तिथेही ठीक असेल आणि एकच ॲप अडत असेल तर त्या ॲपची कॅश काढा, टीव्ही भिंतीच्या खटक्याने बंद करून अर्धा मिनिट थांबून लावा. वीज जाऊन आल्यावर एकदम सगळी ॲप "कनेक्शन नाही" म्हणायला लागली आणि मोबाइलवर मात्र इंटरनेट चालू असेल, तर टीव्हीची तारीख पाहा. ती मागच्या एखाद्या सालावर गेलेली असते आणि चुकीच्या तारखेला ॲप सुरक्षित जोडणी करत नाहीत. तारीख आपोआप घ्यायचं सेटिंग चालू केलं की सुटतं.

राउटरजवळच वेग नसेल तर खोक्यावरचे दिवे पाहा. "लॉस" लाल असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे बाहेर तुटलंय, खोकं दहादा चालू-बंद करून उपयोग नाही. दिवे हिरवे पण संध्याकाळी वेग पडतो, असं असेल तर खोक्याच्या सेटिंगच्या पानावर "आरएक्स पॉवर", म्हणजे खोक्यापर्यंत पोचणारा प्रकाश, पाहा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम चांगलं. उणे २७ च्या आसपास गेलं तर कुठेतरी जोड घाण झालाय किंवा फायबर वाकलंय. हा आकडा फोटो काढून पाठवला की माणूस येतो, कारण मग "तुमचा टीव्ही खराब आहे" असं म्हणता येत नाही. आकडाही चांगला आणि तरी रोज आठ ते अकरा वेग पडत असेल, तर पुरवठादाराने स्वतःच पुरेशी क्षमता घेतलेली नाही. त्याला उपाय पुरवठादार बदलणे हाच. वर्षाचे पैसे भरू नका म्हटलं ते यासाठी.

ॲप एकदम पाच घेऊ नका. एक-दोन ठेवा, त्यातलं पाहून झालं की थांबवा आणि दुसरं घ्या. यूपीआय ऑटोपेमध्ये दर महिन्याला कापले जाणारे पैसे तुमच्याच ॲपमधून थांबवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही, पण २४ तास आधी सूचना यायला हवी. ती सूचना दुर्लक्षू नका. आणि एका खात्यावर एकाच वेळी किती पडद्यांना परवानगी आहे ते पाहून घ्या. एकाच पडद्याचा प्लॅन असेल तर वर सिनेमा लागला की खाली मालिका बंद पडते, आणि त्यावरून घरात उगीच वाद होतो.

महिना नीट गेला, यादीतलं प्रत्येक नाव कुठे दिसतं ते ठरलं, आजींना स्वतःहून मालिका लावता आली, की केबलवाल्याला कळवा. भरलेला महिना संपायच्या आठवडाभर आधी, आणि तोंडी नाही, मेसेजवर. दोन्ही बॉक्स, रिमोट आणि अडॅप्टर परत देताना बॉक्सच्या मागचा नंबर लिहून पोच घ्या. बॉक्स भाड्याचा होता की विकत घेतलेला हे जुन्या पावतीवर पाहा. अनामत भरली असेल तर ती मागून घ्या. विकत घेतलेला असेल तर तो तुमचा आहे, परत द्यायची गरज नाही. घरात येणारी जुनी वायर कापून फेकू नका, आतल्या टोकाला चिकटपट्टी लावून तशीच गुंडाळून ठेवा. पाइपात ती असेल तर कॅट-सिक्स ओढायला लागेल, आणि छतापर्यंत जात असेल तर फ्री डिशच्या छत्रीपासून बॉक्सपर्यंत तीच चालते. जोड मात्र नवे दाबून घ्या, जुन्या जोडांत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं असतं.